ढील

धंतोलीतल्या डॉक्टर चिंचाळकरांनी पोटात दुर्बीण घातली,
काहीच सापडलं नाही.
फोटो दाखवले: गुलाबी, ओलसर.
"एकदम स्वच्छ आहे," म्हणाले,
जणू भाड्यानं द्यायची खोली.

अडतीस वर्षांची जळजळ, रिपोर्ट नॉर्मल.
इनो, ओवा, बाळहिरडा, मौद्याच्या वैद्याचं चूर्ण,
साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या, त्याही तीन वर्षं.
सावजी बंद, तर्री बंद, सांबारवडीचं तर नावच नको.
इतवारीच्या पोस्टात माझा डबा म्हणजे
मुगाचं वरण
आणि वर चमचाभर सगळ्यांची कीव.

मी दाराशी पोचले होते.
फाइल पिशवीत, छत्री हातात, बाहेर मे महिन्याचं ऊन.
डॉक्टरांनी मागून सहज विचारलं,
"पहिल्यांदा कधी झालं होतं?"
संक्रांतीला, म्हणाले.
आणि घाईनं जोडलं, तिळानं होतं ना पित्त.

ते काही बोलले नाहीत. मला परत बसवलं.
एक नस असते म्हणाले,
मेंदूच्या बुडाशी निघते, गळ्यातून उतरते,
काळजाजवळून जाते आणि पोटात जाऊन पसरते.
वरचं खाली सांगते, त्याहून जास्त खालचं वर.
कधी कधी जुना एखादा धाक
ती ताणूनच धरतो.
ढील देत नाही.

ढील.
हा शब्द धंतोलीचा नाही. पाचपावलीचा आहे.

गच्चीवर भोजू, वय चौदा.
मागे चक्री धरून मी, नऊ.
"ढील दे बे, ढील दे!"
मी दिली. मांजा सुरसुरत गेला.
तो मागे सरकला, अजून मागे,
डोळे आभाळात, तोंड उघडं, हसत.
कुठल्यातरी गच्चीवर पोरं ओरडली, ओ काट!
आणि माझ्या हातातली चक्री
एकदम हलकी झाली.

दुसऱ्या दिवशी माणसं गंगाबाई घाटावरून परतली.
शेजारून कडू घास आला,
बेसन, ज्वारीची भाकर, कडुनिंबाचा पाला.
आदल्या सकाळपासून मला कुणी जेवायला वाढलं नव्हतं.
आणि मला भूक लागली होती.
हे कसं सांगायचं असतं? लागली होती.
दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली.
बायांच्या घोळक्यातून आवाज आला,
"पाहा ना, पोरगी कशी खाऊन राहिली."

पाला चावून गिळला.
ते वाक्य नाही गिळता आलं.

मेंदूला साल समजत नाही.
फोडणीत कांदा पडला
की त्याला तोच दिवस लागतो, तेच आंगण, त्याच बाया.
तो दार ओढून घेतो.
पोट बिचारं ताबेदार,
आतला घास आत, वरचा वर.

रविवारी आईकडे गेले.
कूलरसमोर बसून ती लसूण सोलत होती.
अडतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
कोण म्हणालं होतं ते?
"काय?"
सांगितलं.
तिनं बराच वेळ एकच पाकळी सोलली.
"मले नाही आठवत कोनी काही म्हनलं.
तू जेवून राहिली होती, एवढंच दिसे.
म्हटलं, एक तरी जेवते.
मंग मीबी एक घास तोंडात टाकला."

मग म्हणाली, बेसन टाकू का जराशी?

खाल्लं. अर्धी भाकर.
रात्री जळजळ झालीच, झाली नाही असं नाही.
उठून इनो घेतलं, फेस बसेपर्यंत ग्लासाकडे पाहत राहिले.
मधल्या खोलीत आई घोरत होती.
बोटाच्या पेरावर
मांज्यानं कापल्याची बारीक रेघ आहे,
अंधारातही लागते हाताला.
तिच्यावरून अंगठा फिरवत बसले,
ढील दे, ढील दे म्हणत,
कुणाला ते कळलं नाही.